विज्ञानाच्या पेटीत काय असावे?



दिवाळीनंतर सहावी ते आठवीचे वर्ग मांडूला जातील. सहलीच्या आधी हा पाठ छापण्याची दोन कारणे आहेत. मुलांना पिशवीत काय आहे आणि त्याचे काय करायचे हे आधी कळावे, हे एक. दुसरे असे की, गेल्या वर्षभरात पालकांनी शाळेला बरेच सामान दिले. ते कुठे गेले, हे विचारण्याचा त्यांना अधिकार आहे. शिवाय यंदा मिळालेल्या एका मोठ्या देणगीतून काय घ्यायचे, हा प्रश्न विश्वस्त मंडळापुढे आहे. त्याविषयी आमचे मत आम्ही येथेच मांडणार आहोत.

चाळीस मुलांच्या वर्गासाठी दहा पिशव्या तयार केल्या आहेत, म्हणजे चार मुलांच्या टोळीला एक. प्रत्येकीत जाड दोरा, एक ओळंबा, कोनमापक, लहान भिंग, चुंबकाचा तुकडा आणि शिंप्याची टेप आहे. ओळंबे खरे गवंड्याचे नाहीत, दोऱ्याला मोठा नट बांधला आहे. काम तेच होते. टेपा एका पालकांच्या शिलाईच्या दुकानातून आल्या. त्या जुन्या असल्याने ताणून थोड्या लांबल्या आहेत. निघण्यापूर्वी प्रत्येक टोळीने आपली टेप शाळेतल्या पोलादी पट्टीशी लावून पाहावी आणि दीड मीटरमागे किती फरक पडतो ते वहीत लिहावे. जे साधन वापरायचे ते आधी तपासायचे, हा प्रयोगाचाच भाग आहे. नवी कोरी टेप मिळाली असती तर हे शिकवायचे राहून गेले असते!

आता मांडूत काय करायचे ते पाहू.

हिंडोला महालाच्या बाहेरच्या भिंती तिरप्या आहेत हे तुम्ही ऐकले असेल. त्यावरूनच त्याला झोक्याचे नाव मिळाले. जमिनीशी त्या सुमारे ७७ अंशांचा कोन करतात असे पुस्तकांत छापलेले असते. पण छापले आहे म्हणून लिहून घ्यायचे नाही, मोजायचे. एकाने काठी आडवी धरून तिच्या टोकाला ओळंबा असा सोडावा की खालचा नट भिंतीच्या पायथ्याला जेमतेम टेकेल. दोरा स्थिर होऊ द्यावा. मग पायथ्यापासून एक मीटर उंचीवर भिंत आणि दोरा यांच्यामधले आडवे अंतर मोजावे. कोन खरोखर ७७ अंशांचा असेल, तर भिंत उभ्या रेषेपासून १३ अंश कललेली असेल आणि हे अंतर २३ सेंटीमीटरच्या आसपास येईल. तुमचे १९ आले किंवा २६ आले तर खाडाखोड करू नका. तीन ठिकाणी मोजा, दुसऱ्या टोळीशी ताडून पाहा आणि फरक का पडला असेल ते लिहा. वाऱ्याने दोरा हलला का? दगड झिजलेला होता का? टेप लांबलेली होती का?

जहाज महाल मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्या मधोमध उभा आहे. गियासुद्दीन खिलजीच्या (१४६९ ते १५००) काळातली ही इमारत मानली जाते. तेथील हौद आणि पाणी वाहून नेणाऱ्या दगडी पाटांपाशी जरा थांबा. पाणी वाहायचे तर पाटाला उतार हवा, पण तो डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी आपण पारदर्शक प्लास्टिकची लांब नळी नेणार आहोत. घराचा पाया घालताना गवंडी हीच नळी वापरतात. नळीत पाणी भरले की तिची दोन टोके कितीही दूर धरा, दोन्हीकडचे पाणी एकाच पातळीत राहते. एक टोक पाटाच्या सुरुवातीला, दुसरे शेवटी धरा. दोन्हीकडे पाण्याच्या पातळीपासून पाटाचा तळ किती खाली आहे ते मोजा. या दोन मापांतला फरक म्हणजे उतार. मात्र नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर उत्तर चुकेल, म्हणून पाणी हळूहळू भरावे. ही नळी बांधकामाचे काम करणाऱ्या एका पालकांनी दिली आहे आणि ती कशी धरायची हे त्यांनीच वर्गात येऊन दाखवले. आमच्या मते त्यांची खरी देणगी ती होती.

गोरखचिंचेचे झाड मांडूत जागोजागी आहे. हिंदीत तिला खुरासानी इमली म्हणतात. बाजारात मोठमोठी फळे विकायला असतात, ती तिचीच. हे झाड मूळचे आफ्रिकेतले. शास्त्रीय नाव ॲडान्सोनिया डिजिटाटा, पैकी डिजिटाटा म्हणजे बोटांसारखी पाने असलेली. छातीच्या उंचीवर खोडाभोवती दोरा गुंडाळा, दोरा टेपेवर मोजा आणि ३.१४ ने भागा. समजा वेढा ६ मीटर २८ सेंटीमीटर आला, तर व्यास २ मीटर. खोड पुरते गोल नसते, म्हणून हा सरासरी व्यास समजावा. हे झाड खोडात पाणी साठवते. मग पावसाळ्यानंतर आणि ऐन उन्हाळ्यात त्याचा घेर बदलत असेल का? ज्यांचे नातेवाईक मांडूत राहतात अशा मुलांनी एकाच झाडाचे माप दोनदा घ्यावे. एक सावधगिरी मात्र हवी : ओला दोरा आणि कोरा दोरा सारखे ताणले जात नाहीत, म्हणून दोन्ही वेळा दोरा कोरडाच असावा.

भिंगाखाली दगड पाहा. मांडूचे पठार काळ्या बसाल्टचे, म्हणजे आपल्या दख्खनच्या कातळाचेच आहे. याच जिल्ह्यात बागकडे गेलात तर चुनखडी लागते. त्या भागात डायनासोरांच्या अंड्यांचे जीवाश्म सापडले आहेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवली आहेत. चुनखडीवर लिंबाचा रस टाकला की बारीक बुडबुडे येतात, बसाल्टवर येत नाहीत. हा प्रयोग शाळेत, पेटीतल्या खड्यांवरच करायचा. संगमरवरसुद्धा लिंबाने झिजतो, म्हणून होशंगशाहाच्या मकबऱ्याजवळ पिशवीतून लिंबू बाहेर काढण्याचा विचारही मनात आणू नये. सर्व इमारती भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. भिंतीवर खूण करायची नाही, खिळा टेकवायचा नाही.

होशंगशाहाचे नाव निघाले म्हणून पालकांसाठी एक जुनी गोष्ट सांगतो. ज्या होशंगाबादला या सुलतानाचे नाव मिळाले (२०२२ पासून ते नर्मदापुरम झाले), त्या जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांत एक काम सुरू झाले. किशोर भारती आणि रसुलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी ते हाती घेतले. त्यामागे अनिल सद्गोपाल होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले संशोधन सोडून ते खेड्यात आले होते. त्या संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले वैज्ञानिक सुट्टीत येऊन शिक्षकांबरोबर बसत. खेड्यातल्या सरकारी शाळेत सहावी ते आठवीच्या मुलांनी विज्ञान पाठ न करता स्वतः प्रयोग करून शिकावे, एवढाच हट्ट होता. याला होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम म्हणत. १९७८ मध्ये तो त्या जिल्ह्यातल्या सर्व माध्यमिक शाळांत गेला. १९८२ मध्ये एकलव्य संस्था स्थापन झाली आणि तिच्यामार्फत तो उज्जैन, देवास, धार अशा आपल्या माळव्यातल्या जिल्ह्यांतही पोहोचला. 'बाल वैज्ञानिक' ही त्याची पुस्तके मध्य प्रदेश पाठ्यपुस्तक निगमने छापली. आमचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, तेव्हा त्या पुस्तकांचे हिंदी किती सरळ होते हे आम्ही खात्रीने सांगू शकतो. परखनलीला मराठीत परीक्षानळी म्हणतात हे आम्हाला पुढे शिकावे लागले. पण तिच्यात काय घडते ते दोन्ही भाषांत सारखेच!

या कार्यक्रमाची पेटी पाहण्यासारखी होती. चार मुलांच्या टोळीला पुरेल असे साधे सामान, आणि जे गावात मिळते ते बाहेरून आणायचे नाही. फूल उकलून पाहायला सुई हवी? बाभळीचा काटा चालतो. परीक्षेत पुस्तक उघडे ठेवायला परवानगी होती आणि प्रयोगाचे गुण वेगळे असत. मुले 'सवालीराम' या नावाने प्रश्नांची पत्रे लिहीत आणि त्यांना उत्तरे येत. याच कार्यक्रमात अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी यांतून त्रिकोण, चौकोन आणि घराचे सांगाडे करण्याची पद्धत काढली. तेव्हा ते पुण्यात मोटारींच्या कारखान्यात अभियंता होते आणि रजा घेऊन आले होते. काड्यांचा चौकोन दाबला की वाकडा होतो, त्रिकोण होत नाही. पत्र्याच्या छपराखाली कैच्या त्रिकोणी का असतात, ते मुलाला एका मिनिटात कळते. पुढे पुण्याच्या आयुका संस्थेत मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका उभी राहिली, तेथे त्यांनी अनेक वर्षे काम केले. त्या शोधिकेच्या इमारतीला पु. ल. देशपांडे यांच्या स्मरणार्थ मिळालेल्या देणगीचा आधार आहे, हे आपल्या मराठी मंडळींना मुद्दाम सांगावेसे वाटते.

२००२ मध्ये राज्य शासनाने हा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षांचे काम होते. त्याच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ लिहिले गेले, त्यात आम्ही शिरत नाही. आम्हाला विचार पडतो तो पेट्यांचा. लिटमस कागद संपतो, स्पिरिट उडून जाते, परीक्षानळ्या फुटतात. पेटी भरून देणारा कोणी उरला नाही की दोन वर्षांत तिच्यात गंजलेले चुंबक आणि रिकाम्या बाटल्या उरतात. पेटी पुरवणे हे एकदाचे काम आहे, भरत राहणे दरवर्षीचे. देणाऱ्याला पहिले दिसते, दुसरे दिसत नाही.

आणखी एक अडचण शाळेबाहेरच्यांना सहसा माहीत नसते. दान आलेली वस्तू डेड स्टॉक रजिस्टरमध्ये चढते. ती फुटली की शिक्षकाला उत्तर द्यावे लागते. मग समजदार शिक्षक काय करतो? कपाटाला कुलूप लावतो. वस्तू सुरक्षित राहते, हिशेब जुळतो, तपासणीला आलेले साहेब काचेतून पाहून प्रसन्न होतात, आणि मुले फळ्यावरच्या आकृतीवर समाधान मानतात. अशी कपाटे आम्ही अनेक ठिकाणी पाहिली आहेत. शिक्षकाला दोष देणे सोपे आहे, पण आमच्या मते दोष रजिस्टरच्या त्या रकान्याचा आहे.

म्हणून आता विश्वस्त मंडळाला आमचे म्हणणे. देणगीतून एक मोठा सूक्ष्मदर्शक आणि काचेच्या पेटीतल्या प्रतिकृती घ्याव्यात अशी एक सूचना आहे. सूचना चांगल्या मनाने केलेली आहे. दात्याच्या नावाची पाटी अशा वस्तूवर शोभते, आणि दात्याचा मान ठेवणे आपल्या समाजाची रीत आहे. नववी-दहावीला सूक्ष्मदर्शक लागतोच, एक आहे तो दुरुस्त करून चालेल. पण गणित पाहा. तास पस्तीस मिनिटांचा, मुले चाळीस, सूक्ष्मदर्शक एक. प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटही येत नाही, आणि त्यातले अर्धे डोळा लावण्यात जाते. दहा भिंगे असली तर प्रत्येक टोळीच्या हातात तासभर एक भिंग राहते. आमची विनंती अशी की, देणगीचा मोठा भाग ठेवीत ठेवावा आणि तिच्या व्याजातून दरवर्षी जूनमध्ये दहाही पेट्या भराव्यात. दात्याचे नाव प्रत्येक पेटीच्या झाकणावर रंगवावे. एका पाटीऐवजी दहा ठिकाणी नाव लागेल, आणि मुले ते रोज वाचतील.

फुटतुटीसाठी वेगळी वही ठेवण्याची परवानगीही मंडळाने द्यावी. काय फुटले, कसे फुटले, कोणता प्रयोग चालू होता, हे टोळीने स्वतः लिहायचे, दंड नाही. वर्षअखेर ती वही मंडळापुढे ठेवू. ज्या पेटीत वर्षभर काहीच फुटले नाही, त्या पेटीविषयी आम्ही आधी चौकशी करू.

पालकांना थोडक्यात. नवीन काही विकत आणू नये. सायकलच्या जुन्या व्हॉल्वच्या नळ्या, इंजेक्शनच्या सुईशिवायच्या सिरिंजा (वापरलेल्या नकोत, मुदत संपलेल्या पण बंद पाकिटातल्या चालतील), बिघडलेल्या स्पीकरमधले चुंबक, झाकणाच्या लहान बाटल्या, उडालेले पारदर्शक बल्ब हे सामान उपयोगी पडते. बल्बच्या आतला भाग शिक्षक काढतील, मुलांच्या हाती द्यायचे नाहीत. त्यात पाणी भरले की छान भिंग तयार होते. पाऱ्याचे थर्मामीटर आणि ट्यूबलाइट कृपया पाठवू नयेत. सामान शनिवारी मधल्या सुट्टीत कार्यालयात द्यावे, आणि ज्यांना जमेल त्यांनी एखाद्या तासाला येऊन ते कसे वापरतात हेही दाखवावे.

मुलांनो, मांडूहून परतल्यावर आठ दिवसांत वह्या जमा करायच्या आहेत. हिंडोला महालाच्या भिंती आतल्या बाजूनेही तिरप्या आहेत की सरळ, हे ओळंब्याने पाहून लिहिणाऱ्या टोळीची नोंद पुढच्या अंकात छापू.