सोरायसिस आणि हृद्रोग : चिकित्सकाने जाणावयाचा संबंध

सोरायसिसचा रुग्ण चिकित्सालयात येतो तेव्हा त्याचे सारे लक्ष त्वचेवरील खवल्यांकडे असते आणि पुष्कळदा आपलेही तेथेच थांबते. परंतु गेल्या दोन दशकांतील अभ्यासांवरून हा व्याधी केवळ त्वचेपुरता मर्यादित नाही, हे स्पष्ट झाले आहे. त्याचा हृदयाशी असलेला संबंध व त्यामुळे आपल्या चिकित्साक्रमात घ्यावयाची दक्षता यांचा विचार येथे करीत आहोत.

आधुनिक निरीक्षण

2006 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात ब्रिटनमधील सुमारे 1 लाख 31 हजार सोरायसिस रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वय, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान इत्यादी कारणांचा परिणाम वगळूनही, तीव्र सोरायसिस असलेल्या तिशीतील रुग्णात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका समवयस्कांच्या सुमारे तिप्पट आढळला. सौम्य व्याधीत ही वाढ सुमारे 29 टक्के होती. साठीत हे अंतर बरेच कमी होते. तिशीत मुळातच झटक्याचे प्रमाण अल्प असल्यामुळे 'तिप्पट' या शब्दाने रुग्णास घाबरवू नये. मात्र तरुण वयाकडे पाहून चिकित्सकाने निर्धास्तही राहू नये.

2018 च्या अमेरिकी कोलेस्टेरॉलविषयक मार्गदर्शक सूत्रांत सोरायसिसची गणना हृद्रोगाचा धोका वाढविणाऱ्या घटकांत केली आहे. त्वचेत चालणारी शोथप्रक्रिया रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तरावरही परिणाम करते, अशी याची उपपत्ती आहे. स्थौल्य, मधुमेह, उच्च रक्तदाब हेही या रुग्णांत अधिक आढळतात. तथापि सोरायसिसची चिकित्सा केल्याने हृद्रोग टळतो, असे अद्याप निर्विवाद सिद्ध झालेले नाही. म्हणून तसे आश्वासन कोणी देऊ नये.

शास्त्रीय विचार

सोरायसिसचे साम्य लक्षणभेदाने एककुष्ठ, किटिभ वा सिध्म यांच्याशी दाखविले जाते. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या 23व्या अध्यायात संतर्पणोत्थ व्याधी सांगताना प्रमेह, कुष्ठ व अतिस्थौल्य यांची गणना एकत्र केली आहे. 28व्या अध्यायात कुष्ठ हा रक्तप्रदोषज विकार म्हटला आहे, तर विमानस्थानात रसवह स्रोतसांचे मूल हृदय व दश धमनी असे सांगितले आहे. आजचा हृद्रोग व सोरायसिस यांचा संबंध ग्रंथात जसाच्या तसा आहे, असा आमचा दावा नाही. परंतु त्वचेवरील व्याधी पाहताना मेद, प्रमेह व हृदय यांचा विचार करण्याची दिशा त्यात निश्चित आहे.

येथे एक सूचना आवश्यक वाटते. अमरावतीच्या तपोवनात दाजीसाहेब पटवर्धनांनी महारोग्यांची सेवा केली, हे वऱ्हाडात सर्वश्रुत आहे. सामान्य माणसास 'कुष्ठ' म्हणजे महारोगच वाटतो. म्हणून रुग्णाशी बोलताना, हा व्याधी संसर्गजन्य नाही व तो महारोग नव्हे, हे आधी स्पष्ट सांगावे.

शोधनापूर्वी तपासणी

कुष्ठचिकित्सेत वमन, विरेचन व रक्तमोक्षण यांचे स्थान मोठे आहे. तथापि सिद्धिस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात हृद्रोगी व अतिस्थूल यांना अवम्य म्हटले आहे. ज्या रुग्णास आपण वमनास बसवितो, त्याच रुग्णात अव्यक्त हृद्रोग असण्याचा संभव अधिक, ही गोष्ट म्हणूनच गंभीर आहे. शोधनाचा विचार करण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात :

1. रक्तदाब, वजन व कंबरेचा घेर. घेर पुरुषात 90 सेंमी व स्त्रीत 80 सेंमी यांहून अधिक असल्यास सावध व्हावे.
2. उपाशीपोटी रक्तशर्करा व रक्तातील मेदाची तपासणी. स्नेहपानाचा निर्णय त्यानंतरच घ्यावा.
3. चाळिशीपुढील, तीव्र व्याधीच्या किंवा श्रमाने धाप लागणाऱ्या रुग्णाचा ईसीजी व आवश्यक तेथे हृद्रोगतज्ज्ञाचे मत.
4. चालू औषधांची नोंद. मूत्रल औषधे घेणाऱ्यास वमन-विरेचनाने पोटॅशियम घटण्याची भीती असते. रक्तदाबावरील बीटा-ब्लॉकर गटातील औषधांनी सोरायसिस वाढू शकतो. परंतु ती रुग्णाने आपण होऊन थांबवू नयेत.

कुळिथाच्या दाण्याएवढी गोळीही विचारपूर्वक द्यावी. गुग्गुळामुळे प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम या औषधांचे शोषण कमी होते, तसेच काहींच्या अंगावर पुरळ उठते. यष्टिमधु दीर्घकाळ अधिक मात्रेत घेतल्यास रक्तदाब वाढून पोटॅशियम घटते.

पथ्य आणि औषधविक्रेते

मैद्याचे तळलेले पदार्थ, अध्यशन, दिवास्वाप व मद्य यांचा निषेध दोन्ही व्याधींत समान आहे. पानठेल्यावरचा खर्रा आणि विडी यांविषयी प्रत्येक रुग्णास स्पष्ट विचारावे. ज्वारीची भाकर, मूग, पालेभाज्या व नित्य चालणे हे अकोला-अमरावतीच्या कोणत्याही घरी परवडणारे पथ्य होय.

औषधविक्रेत्या बंधूंचे उत्तरदायित्वही मोठे आहे. वर्षानुवर्षे केवळ मलम नेणाऱ्या ग्राहकास 'एकदा रक्तदाब व साखर तपासा' एवढे जरी सांगितले, तरी पुष्कळ साधेल. 'चटकन गुण' देणाऱ्या, घटक न छापलेल्या पुड्या दुकानात ठेवू नयेत. त्यांत स्टेरॉइड असल्यास ते एकाएकी बंद होताच सर्वांगी लाली व पूययुक्त पुटकुळ्यांसह व्याधी उसळतो आणि त्याचा भार हृदयावरही पडतो.

छातीत दाब, डाव्या हातात वा जबड्यात वेदना, घाम, धाप ही लक्षणे सोरायसिसच्या रुग्णाने सांगितली, तर ती अम्लपित्त समजून वेळ दवडू नये. तत्काळ 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आमची सर्व वैद्यबंधू-भगिनींस विनंती आहे, की सोरायसिसच्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर त्वचेच्या वर्णनाखाली रक्तदाब, घेर, शर्करा व मेद यांची एक ओळ आजपासून अवश्य लिहावी.