तेलाच्या बाटल्यांपुढं गोंधळू नकोस

तेलाचं फोनवर अर्धंच बोलणं झालं, म्हणून लिहून पाठवते गं. सासूबाईंचं कोलेस्टेरॉल वाढलेलं, त्यात कुणीतरी खोबरेल खायला सांगितलं, आणि दुकानात तीन बाटल्यांचे तीन भाव. डोकं फिरणारच. पण सगळं घर सांभाळतेस तू, हेही जमेल तुला.

खोबरेल तीन तऱ्हांनी निघतं, बघ. जुनी तऱ्हा म्हणजे खोबऱ्याच्या वाट्या वाळवायच्या आणि घाण्यात किंवा एक्स्पेलरमध्ये पिळायच्या. या तेलाला खमंग वास असतो. वाट्या ओलसर राहिल्या तर बुरशी धरते आणि तेल खवट लागतं, म्हणून वास घेऊनच घे. रिफाइंड करताना तेच तेल खास मातीतून गाळून रंग काढतात आणि २०० अंशांच्या वर वाफ सोडून वासही घालवतात. व्हर्जिन मात्र ओल्या नारळाच्या दुधातून, फारसं न तापवता काढतात, म्हणून ते सगळ्यांत महाग.

आता खरं सांगू का? तिन्हींत संपृक्त चरबी सुमारे ९० टक्के. महागडं व्हर्जिन आणलं म्हणून ती कमी होत नाही, आणि ही चरबी एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढवते. सासूबाईंच्या रोजच्या फोडणीला खोबरेल नकोच. आपल्या रश्शात भाजलेलं खोबरं पडतं, तेवढं पुरे.

आणि आपल्या वऱ्हाडात तेलाला काय कमी आहे गं? भाजीला घाण्याचं शेंगदाणा तेल आण, ते संपलं की करडईचं. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त ओमेगा-३ असतं, पण ते कढईत घालू नकोस. भाकरीसोबत ठेच्यावर, आंबाडीच्या भाजीवर कच्चंच घ्यायचं. लवकर खवट होतं, म्हणून लहान बाटली आण आणि फ्रिजमध्ये ठेव. तेही नको वाटलं तर जवसाची चटणी कर, सासूबाई आवडीनं खातील.

घाण्याचं तेवढं चांगलं आणि रिफाइंड म्हणजे विष, असं तुला दहा जणी सांगतील. त्यांना अकोल्याची सरकी दाखव. जिनिंगमध्ये रुई निघाली की सरकी तेलगिरणीत जाते, ढेप गाईम्हशींपुढं जाते, आणि तेल निघतं ते काळपट तांबडं. त्यात गॉसिपॉल असतं, पोटात जाऊ नये असं. कॉस्टिक सोड्यानं धुऊन, गाळून ते काढून टाकावं लागतं. म्हणून सरकीचं तेल घेशील तर रिफाइंडच. कच्चं सरकी तेल कुणी शुद्ध म्हणून दिलं तर सरळ परत कर. प्रत्येक तेलाची गरज वेगळी असते, बघ.

केसांना मात्र खोबरेल खुशाल लाव. हिवाळ्यात बाटली गोठली तर घाबरू नकोस, ते २४ अंशांच्या आसपास गोठतंच. उलट डिसेंबरच्या कडाक्यात पातळच राहिलं, तर लेबल वाच. लिक्विड पॅराफिन मिसळलेलं असू शकतं. लहान बाटलीतलं शुद्ध खोबरेल खाण्याचं की केसांचं, हा कराचा वाद तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. डिसेंबर २०२४ मध्ये निकाल लागला, की केसांचं तेल म्हणून विकायला काढलेलं नसेल तर ते खाद्यतेलच. तू खायला घेताना ‘खाद्यतेल’ हे शब्द आणि एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक बघ. सुटं तेल घेऊच नकोस.

आणि हो, तेल कुठलंही असो, माणशी महिन्याला अर्ध्या लिटरच्या आसपासच ठेव. तळण एकदा झालं की तेच तेल पुन्हापुन्हा कढवायचं नाही, सासूबाई उरलेलं टाकू नको म्हणाल्या तरी. त्यांची कोलेस्टेरॉलची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नकोस गं, तेल बदललं म्हणून तर मुळीच नाही. पुढचा रिपोर्ट आला की एलडीएलचा आकडा मला कळव.