गाडी थांबवतो तो रस्ता

मृगाच्या सरी पडल्या की जामनेर तालुक्यात सगळ्यांचे डोळे शेताकडे लागतात. त्या दिवसांत मोटारसायकल काढणाऱ्या प्रत्येकाला मी डांबरी रस्त्याकडेही बघायला सांगतो. ब्रेक फक्त चाक अडवतो. गाडी थांबते ती टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणामुळे. ते नसेल तर उत्तम ब्रेकही निकामी.

नेरी गावाच्या अलीकडे माझी गाडी घसरली तेव्हा पाऊस नुकताच उघडला होता. वेग बेताचा होता, टायर नवे होते. वळणावर शेतातून ट्रॅक्टर बाहेर पडून गेला होता आणि त्याच्या चाकांची काळी माती डांबरभर पसरली होती. ब्रेक लागला, चाक फिरायचं थांबलं, गाडी तशीच सरकत राहिली. मनगट मोडलं. डोकं वाचलं ते हेल्मेटमुळे.

आपली काळी माती बेसाल्टच्या खडकातून झाली. तिच्यातली चिकणमाती अतिसूक्ष्म पापुद्र्यांची असते. त्यांच्यामध्ये पाणी शिरलं की माती फुगते आणि थरावरून थर सहज सरकतो. कपाशीसाठी ओल धरून ठेवणारी हीच माती डांबरावर आली की टायरला खडीपर्यंत पोचूच देत नाही. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल आणि धूळ यांचाही बुळबुळीत थर होतो, पण तो दोन-चार मोठ्या सरींत धुऊन जातो. शेतातला चिखल मात्र पेरणी संपेपर्यंत रोज नव्याने येतो.

हिशेब डोळ्यांसमोर ठेवा. कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.७ धरला, तर ताशी ४० किलोमीटर वेगातली गाडी ब्रेक लागल्यावर साधारण ९ मीटरांत थांबते. पकड निम्मी झाली की १८ मीटर लागतात. त्याच निम्म्या पकडीवर वेग ६० असेल तर ४० मीटर. चिखलावर पकड याहूनही कमी असू शकते. आणि ब्रेक दाबायला एक सेकंद लागला, तर तेवढ्यात ४० च्या वेगातली गाडी ११ मीटर पुढे गेलेली असते.

फिरत्या चाकाचा रस्त्याला टेकलेला भाग त्या क्षणापुरता स्थिर असतो, म्हणून त्याची पकड चांगली असते. चाक अडकून घसरू लागलं की पकड घटते आणि हँडल वळवलं तरी गाडी वळत नाही. म्हणून वेग वळणाआधी, सरळ रस्त्यावरच कमी करा. दोन्ही ब्रेक हळूहळू दाबा. चिखलाच्या पट्ट्यावर गाडी आडवी झुकवू नका. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना एबीएस बंधनकारक झालं. ते चाक अडकू देत नाही, फार उपयोगी आहे. पण रस्त्यात नसलेली पकड तेही आणू शकत नाही. गोटा झालेला टायर पावसाळ्याआधीच बदला, कारण पाणी बाजूला सारण्याचं काम नक्षीच्या खाचा करतात.

ट्रॅक्टरवाल्या भावांना माझी कळकळीची विनंती आहे. शेतरस्ता डांबराला मिळतो तिथे मुरूम टाकून नीट दाबून घ्या. चाकांची बरीच माती तिथेच झडते. उरलेली ढेकळं फावड्याने बाजूला करा. चिखलावर वाळू मात्र टाकू नका, सुटी वाळूही दुचाकीच्या चाकाखालून सरकते. आणि हे काम अंधार पडायच्या आत उरका, कारण ओल्या डांबरावरचा काळा चिखल रात्री गाडीच्या दिव्यात वेगळा दिसत नाही.