सीताफळाचे छायाचित्र व अल्प खर्चाची प्रकाशयोजना

विकणाऱ्याने माल पुढे मांडावा व घेणाऱ्याने तो हाताळून पारखावा, ही बाजाराची जुनी रीत होय. आता बीड जिल्ह्यातील शेतकरी व महिला बचत गट पुण्या-मुंबईच्या ग्राहकांस मोबाईलवरून मालाचे छायाचित्र पाठवितात आणि पुष्कळदा त्यावरच सौदा ठरतो. अशा व्यवहारात छायाचित्र हाच मालाचा नमुना होय. नमुन्याप्रमाणे माल न निघाल्यास पेटी नाकारली जाते. नाकारलेले सीताफळ परतीच्या प्रवासात टिकत नाही. म्हणून छायाचित्र सुंदर असण्यापेक्षा खरे असणे अधिक अगत्याचे आहे, आणि त्याचा खरेपणा मुख्यतः प्रकाशावर अवलंबून असतो.

प्रकाशाचे महत्त्व

बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील सीताफळ प्रसिद्ध असून बीडच्या सीताफळास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. फळ काढणीस आले म्हणजे त्याचे डोळे उघडतात व दोन डोळ्यांमधील भाग पिवळसर पांढरा दिसू लागतो. जाणकार ग्राहक हीच खूण छायाचित्रात शोधतो. पिवळ्या दिव्याखाली कच्चे फळही तयार भासते. मोबाईलचा फ्लॅश समोरून पडत असल्याने डोळ्यांचा उठाव नाहीसा होऊन फळ सपाट दिसते. भर उन्हात काळ्या सावल्या पडतात व सालीचा रंग फिका येतो.

साहित्य

पूर्व किंवा उत्तरेची खिडकी अथवा ओसरीची कड, जुन्या धोतराचे पातळ पांढरे कापड, पांढरा कागद चिकटविलेला पुठ्ठा आणि पांढरा चित्रकलेचा मोठा कागद एवढे साहित्य पुरते. यातील बहुतेक वस्तू घरातच सापडतात.

मांडणी

१. खिडकीजवळ पाट किंवा टेबल ठेवावे. कागदाचे वरचे टोक भिंतीस चिकटवून तो घडी न पडता टेबलावर उतरू द्यावा, म्हणजे पार्श्वभूमी एकसंध दिसते.

२. फळावर प्रकाश बाजूने यावा. ऊन थेट येत असल्यास खिडकीवर कापड ताणून बांधावे. प्रकाश जितक्या मोठ्या पृष्ठभागावरून व जवळून येतो, तितकी सावली मऊ पडते.

३. खिडकीच्या विरुद्ध बाजूस पांढरा पुठ्ठा उभा करावा. तो प्रकाश परत फेकतो व अंधारी बाजू उजळते. पुठ्ठा जवळ-दूर सरकवून सावली हवी तेवढी ठेवावी.

४. खोलीतील इतर दिवे बंद करावेत. दोन रंगांचे प्रकाश एकत्र आल्यास फळाचा रंग बिघडतो.

५. मोबाईलचे भिंग स्वच्छ पुसावे व मोबाईल विटांच्या किंवा डब्याच्या आधाराने स्थिर करावा. पांढऱ्या पार्श्वभूमीमुळे चित्र काळसर येते. तेव्हा पडद्यावर फळाला बोट लावून उजेड किंचित वाढवावा. आकार कळावा म्हणून एका चित्रात फळाशेजारी नाणे ठेवावे.

ऑगस्ट ते नोव्हेंबर हा सीताफळाचा हंगाम. पावसाळी, ढगाळ दिवसाचा उजेड मुळातच मऊ असतो, त्याचा लाभ घ्यावा. तोडलेले फळ थोड्याच दिवसांत पिकते व पुढे काळे पडते. यास्तव तोडणीच्या दिवशीच छायाचित्र घ्यावे.

रात्रीचे काम

दिवसा सवड नसल्यास एकाच प्रकारचे ९ ते १२ वॅटचे दोन पांढरे एलईडी बल्ब घ्यावेत. खोक्यावर ५००० ते ६५०० केल्व्हिन असा आकडा पाहावा. रंगदर्शनाचा निर्देशांक छापलेला असल्यास ९० किंवा अधिक असलेला बल्ब निवडावा. एक बल्ब बाजूस जवळ व दुसरा विरुद्ध बाजूस लांब ठेवावा. बल्बचे अंतर दुप्पट केल्यास फळावरील प्रकाश सुमारे चौथा हिस्सा उरतो, म्हणून दुसऱ्या बल्बची सावली फारशी उठत नाही. बल्बच्या पुढे हातभर अंतरावर पांढरे कापड धरावे. कापड बल्बास गुंडाळू नये.

मधाच्या किंवा काकवीच्या बाटलीस मात्र बाजूचा प्रकाश पुरत नाही. बाटलीच्या मागे पांढरा पुठ्ठा तिरका ठेवून उजेड त्यातून आरपार येऊ द्यावा, म्हणजे आतील खरा रंग प्रकट होतो.

गावातील प्रात्यक्षिक

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी बचत गटाच्या बैठकीत एकाच फळाची तीन छायाचित्रे घ्यावीत: एक फ्लॅशने, एक पिवळ्या दिव्याखाली व एक खिडकीजवळ पुठ्ठा लावून. ती प्रत्यक्ष फळाशेजारी धरून कोणते जुळते हे सभासदांनाच ठरवू द्यावे. व्याख्यानापेक्षा ही तुलना लवकर पटते.

छायाचित्र घेतल्यावर त्याचा रंग कृत्रिम रीतीने गडद करू नये. फळावर डाग असल्यास तो दिसू द्यावा व त्याप्रमाणे प्रत लावून भाव सांगावा. डाग आधी दाखविणाऱ्या विक्रेत्याचा चांगला मालही ग्राहक विश्वासाने घेतो.