दुष्काळ, पाणी आणि एकजूट

काही भागांतील माणसे एकमेकांना धरून राहतात, काही भागांतील माणसे आपापले पाहतात. असे का? आपण ते स्वभावावर ढकलतो. डच अभ्यासक एव्हर्ट व्हान डे व्हिलर्ट यांनी त्याचे उत्तर हवामान आणि पैसा या जोडीत शोधले. हवामान कठोर आणि साधने तुटपुंजी असतील तर माणूस आपल्या गटाला चिकटतो. हवामान कठोर, पण हाती पैसा असेल तर तो स्वतःच्या बळावर उभा राहतो. चीनच्या प्रांतांची तुलना करतानाही त्यांना हेच आढळले.

आपला धाराशिव जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. पावसाचा भरवसा नाही, म्हणून जिरायत शेतीला सावडीचा आधार लागला. बँकेच्या खिडकीतून मी हेच पाहतो. जिरायतदाराचा जामीनदार बहुधा भावकीतला असतो. बागाईतदार स्वतःच्या ऊसबिलावर कर्ज मागतो. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांतही नातेगोते असते आणि मुकादमाची उचल 'कोयत्या'वर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर मिळते.

परंतु ही एकजूट कोणापुरती, हा खरा प्रश्न आहे. टंचाई माणसांना जवळ आणते. कोणाच्या जवळ, हे मात्र जुनी कुंपणे ठरवितात. कोकणात पाऊस अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पडतो. तरीही १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. तेथे पाणी कमी नव्हते, बंधुता कमी होती.

म्हणून बंधुता निसर्गावर सोडून चालत नाही, ती नियमाने घडवावी लागते. १९७२ च्या दुष्काळात हजारो हात खडी फोडीत होते. त्या अनुभवातून पुढे महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. काम मागणे हा हक्क झाला; त्यासाठी भावकीची ओळख लागेनाशी झाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर आपल्या आणि लातूर जिल्ह्यातील गावांत महिलांचे बचत गट उभे राहिले. तेथे पत ठरते ती नियमित बचतीवर आणि परतफेडीवर.

विद्यार्थ्यांनी एक अभ्यास करावा. आपल्या गावातील बचत गट, दूध संस्था आणि पाणवठा यांची नोंद घ्यावी. प्रत्येक ठिकाणी किती वस्त्यांतील माणसे एकत्र येतात ते मोजावे. तो आकडा वाढविणे हेच आपल्या संघटनेचे काम आहे.