गाडीची बॅटरी खरेच मेली का?

आता खेड्यापाड्यांत विजेच्या गाड्या आल्या आहेत. पेट्रोल नको, किक नको. घरच्या विजेवर लावली की सकाळी गाडी तयार. पण दोन-तीन वर्षे झाली की गाडी रुसते. आधी तालुक्याला जाऊन परत येत होती. आता अर्ध्या वाटेतच थांबते. दुकानदार म्हणतो, "बॅटऱ्या गेल्या. सगळ्या बदला." बदलायच्या म्हणजे हजारो रुपये.

आमच्या शेजारी एक दूधवाले दादा आहेत. त्यांच्या गाडीचे असेच झाले. ते आमच्या पडवीत आले नि म्हणाले, "चारी बॅटऱ्या मेल्या म्हणत्यात. खरं का हो?"

आम्ही म्हटले, "दादा, आधी मोजू. मग बोलू."

दादांची गाडी ४८ व्होल्टची. तिच्यात शिशाच्या चार बॅटऱ्या असतात. प्रत्येक १२ व्होल्टची. १२ चोक ४८. या चारही एकीला एक अशा ओळीने जोडलेल्या असतात. स्लॅबच्या कामावर माणसे ओळीने उभी राहून घमेली हातोहात देतात ना? त्यातला एक जण दमला की सगळी ओळ थांबते. बाकीचे दमलेले नसतात, पण काम बंद पडते. गाडीचे तसेच आहे. म्हणून गाडी थांबली की चारही मेल्या असे समजू नका. दमलेली कोण, ते आधी शोधा.

आम्ही सीटखालचा खटका बंद केला. दादांच्या हातात चांदीचे कडे होते. ते काढायला लावले. कडे, अंगठी, बांगडी, काहीही हातात नको. पाना दोन टोकांना एकदम लागला तर मोठी ठिणगी उडते आणि धातू लाल होतो. बोट भाजते ते वेगळेच. पान्याच्या दांड्यालाही टेप गुंडाळावी.

मग दादांनी वायरींचे चित्र वहीत काढले. लाल वायर कुठे, काळी कुठे. बॅटऱ्यांवर खडूने १, २, ३, ४ असे आकडे घातले. दादा मागच्या वर्षीच लिहायला शिकले. आकडे जरा वाकडे आले, पण पुढे सगळे काम त्याच आकड्यांवर चालले.

गाडी आदल्या दिवशी पूर्ण चार्ज केली होती. नंतर पाच तास तशीच ठेवली होती. आता एकेक बॅटरी मीटरने मोजली. दादांनी लिहिले:

१ नंबर – १२.८
२ नंबर – १२.७
३ नंबर – १०.७
४ नंबर – १२.८

३ नंबर पहा. असे का झाले? बॅटरीच्या आत सहा कप्पे असतात. भरलेल्या कप्प्यात २ व्होल्टांहून थोडे जास्त, म्हणजे २.१ च्या आसपास असतात. १२.८ मधून २.१ वजा करा. उरले १०.७. म्हणजे ३ नंबरचा एक कप्पा गेला. आतल्या पट्ट्या एकमेकींना टेकल्या. ही बॅटरी उठत नाही. कोणी म्हणेल, मोठ्या चार्जरचा झटका द्या. देऊ नका. ती तापते आणि फुगते.

अशी एक बॅटरी बाकीच्यांनाही बिघडवते. चार्जर चौघींसाठी ठरलेला दाब देतो. एकीने तिचा वाटा घेतला नाही की तो दाब तिघींवर पडतो. मग त्या तापतात नि त्यांचे पाणी उडते. दादांची गाडी सहा महिने अशीच चालली होती.

आता दुसरी परीक्षा. नुसते व्होल्ट पाहून भागत नाही. बैल दिसायला धडधाकट असतो, पण औताला जुंपल्यावरच कळते. आम्ही मोटारीचा ५५ वॅटचा दिवा घेतला. तो फार तापतो म्हणून विटेवर ठेवला. बॅटरीवर २० अँपिअर-तास असे इंग्रजीत छापलेले होते. हा दिवा साडेचार अँपिअरपेक्षा थोडी जास्त वीज खातो. म्हणजे नवी बॅटरी त्याला चार तास पुरते. मीटर लावून ठेवायचा. १०.५ व्होल्ट आले की दिवा काढायचा. त्याखाली उतरू दिली तर बॅटरीला इजा होते.

२ नंबर तीन तास चालली. ४ नंबर दहा मिनिटे कमी. १ नंबर मात्र दीड तासातच बसली. म्हणजे ती आजारी आहे, पण मेलेली नाही.

तिला काय झाले होते? दादा म्हणाले, "पावसाळ्यात महिनाभर गाडी तशीच उभी व्हती. चार्ज नव्हती केली." इथेच रोग लागला. बॅटरी उतरली की पट्ट्यांवर बारीक पांढरा थर बसतो. लगेच चार्ज केली की तो विरघळतो. महिनाभर तशीच ठेवली की थर घट्ट होतो. जणू साखरेची खडीसाखर झाली. मग तो सहज सुटत नाही.

उपाय सावकाश करायचा. १ नंबरचे वरचे झाकण पट्टीने उचकटले. खाली सहा रबरी टोप्या होत्या. डोळ्यांना चष्मा हवाच, कारण आत ॲसिड असते. अंगावर उडाले तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे. शेजारी पाण्याची बादली ठेवली होती. प्रत्येक कप्प्यात बिनसुईच्या पिचकारीने तीन-चार मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर घातले. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी घालू नये, त्यात क्षार असतात. फिल्टरचेही नको. तासाभराने आतली गादी ओलसर दिसली. वर साचलेले पाणी ओढून घेतले.

मग १२ व्होल्टचा लहान चार्जर लावला. वीज किती द्यायची? बॅटरीच्या आकड्याचा दहावा हिस्सा. २० चा दहावा हिस्सा २ अँपिअर. चार्ज होताना बॅटरीतून पेटणारा वायू निघतो. म्हणून दारे उघडी ठेवली. दादांनी बिडी काढली, ती आम्ही परत खिशात ठेवायला लावली. रात्री चार्जिंगला लावून झोपू नये. हे आम्ही सगळ्यांनाच सांगतो, आणि फारसे कोणी ऐकत नाही.

भरली की दिव्यावर उतरवली. पुन्हा भरली. असे चार वेळा केले. दिवा आधी दीड तास जळत होता. मग एक तास पन्नास मिनिटे, मग दोन तास वीस मिनिटे. चौथ्या वेळी पाचच मिनिटे वाढली. तिथे आम्ही थांबलो. म्हातारीला औषध दिले, तरणी केली नाही. बाजारात कसली कसली पूड मिळते. ती आम्ही वापरत नाही.

३ नंबरच्या जागी काय घालायचे? नवी नको. नवा बैल आणि थकलेला बैल एका जुवाला चालत नाहीत. गॅरेजमधून तेवढ्याच आकड्याची जुनी बॅटरी आणली. आणण्यापूर्वी तिच्यावरही दिवा जाळून पाहिला. दोन तास चाळीस मिनिटे चालली. मग घेतली.

काही ई-सायकलींत शिशाची नव्हे, लिथियमची बॅटरी असते. ती हलकी असते. तिला हे उपाय मुळीच करू नका. ३६ व्होल्टच्या बॅटरीसाठी चार्जरमधून ४२ व्होल्ट येतात का ते मोजा. पिन सैल आहे का, फ्यूज गेला आहे का, ते पहा. पुष्कळदा दोष एवढाच असतो. त्यापुढे डबा घरी उघडू नका. लिथियमचा सेल फार उतरून बराच काळ पडला की आतले तांबे विरघळते. पुन्हा चार्ज करताना ते नको तिथे जमते आणि आतल्या आत वायर जुळल्यासारखे होते. मग आग लागते, कधी लगेच, कधी नंतर. फुगलेली, आपटलेली, पुरात भिजलेली बॅटरी घराबाहेर मोकळ्या जागी ठेवा. पेटलीच तर माणसे दूर न्या. धूर विषारी असतो. मीटरजवळची वीज बंद करा, लांबून भरपूर पाणी मारा आणि १०१ ला फोन करा.

दादांची ३ नंबर अजून राहिली. ती घरी फोडू नका. शिसे वितळवू तर नकाच. त्याचा धूर आणि धूळ मुलांच्या अंगात गेली की त्यांच्या मेंदूला इजा होते. जुनी शिशाची बॅटरी विक्रेत्याला परत द्यावी असा नियम २००१ साली झाला. २०२२ च्या नव्या नियमांनी सर्व प्रकारच्या बॅटऱ्या बनवणाऱ्यांवर जुना माल गोळा करण्याची जबाबदारी टाकली. दुकानदार नवी घेताना जुनीची किंमत वजा करतो. नुसती जुनी द्यायची तरी तोलून पैसे मागा.

दादांनी बॅटरी दुकानात नेली. काट्यावर तोलून घेतली, वजन वहीत लिहिले नि पैसे मोजून घेतले. गाडी आता एका चार्जिंगमध्ये डेअरीला दोन फेऱ्या मारते. पूर्वी तीन मारत होती. दादा दर महिन्याला चारही आकडे लिहितात. गेल्या महिन्यात १ नंबर १२.५ वर आली होती. तिच्यापुढे त्यांनी फुली मारून ठेवली आहे.