हळदीचा डाग

नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी घरात फराळाची धांदल चालली होती. चिवड्याच्या फोडणीसाठी काढून ठेवलेली हळदीची वाटी कलंडली आणि धाकट्या भावाच्या नव्या, पांढऱ्या शुभ्र सदऱ्यावर पिवळा डाग पडला. सदरा दुसऱ्या दिवशी अभ्यंगस्नानानंतर घालायचा होता. आईच्या नकळत थोरल्या बहिणीने तो मोरीत नेला व डागावर कपडे धुण्याचा साबण चोळला. पाहता पाहता पिवळा डाग रक्तासारखा तांबडा झाला! दोघे भावंडे रडकुंडीस आली.

"अगं, रडतेस काय? लिंबाची फोड आण आधी," आजी म्हणाली. लिंबू पिळताच तांबडेपणा ओसरला आणि डाग पुन्हा पिवळा झाला. बहिणीने मुद्दाम पुन्हा साबण लावला. डाग पुन्हा तांबडा! आता तिला भीतीपेक्षा नवल अधिक वाटू लागले.

यात जादू काहीच नव्हती. हळदीला पिवळा रंग देणाऱ्या द्रव्यास कर्क्युमिन म्हणतात. लिंबू, चिंच, आमसूल यांत आम्ल असते. आम्लात हे द्रव्य पिवळेच राहते. धुण्याचा साबण, धुण्याचा सोडा, चुना हे पदार्थ आम्लाच्या उलट गुणांचे असतात. त्यांना आम्लारी म्हणतात. आम्लारीचा स्पर्श होताच कर्क्युमिन तांबडे होते. रंग पालटून पदार्थाचा गुण सांगणाऱ्या अशा द्रव्याला शास्त्रात 'दर्शक' असे नाव आहे. प्रयोगशाळेतील लिटमस हेच काम करतो. मात्र हळद स्वयंपाकघरातच सापडते, हा तिचा विशेष. हळदीवर चुन्याची क्रिया करून कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणावर आधारलेली आहे. आज बाजारात मिळणाऱ्या पुष्कळशा कुंकवात मात्र कृत्रिम रंग असतो.

हा गुण वापरून दिवाळीचे भेटपत्र करता येते. चमचाभर हळद थोड्या पाण्यात कालवून ती जाड पांढऱ्या कागदावर सारखी फासावी व कागद सावलीत वाळवावा. अर्धी वाटी पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवावा. काडीला कापूस गुंडाळून, ती त्या पाण्यात बुडवून कागदावर पणती काढावी. रंगहीन पाण्याने पिवळ्या कागदावर तांबडी पणती उमटते! खाण्याच्या सोड्यानेही रंग येतो, पण तो फिका, नारिंगीकडे झुकणारा. सोड्याचे हात डोळ्यांस लावू नयेत. चुना तर मुलांनी हाताळूच नये. तो डोळ्यांस फार घातक असतो.

त्या सदऱ्याचे पुढे काय झाले? कर्क्युमिन उन्हात टिकत नाही, हे आजीला अनुभवाने ठाऊक होते. तिने सदरा स्वच्छ धुऊन रोज गच्चीवर कडक उन्हात पसरावयास सांगितला. अभ्यंगस्नानानंतर भावाला जुनाच सदरा घालावा लागला व तो दिवसभर फुरंगटून बसला. भाऊबीजेला मात्र तो नवा सदरा घालून पाटावर बसला, तेव्हा डाग नेमका कोठे होता हे त्या तिघांवाचून कोणालाच सांगता आले नसते.